सूर बेंजोचा, शब्द गल्लीचे

पाऊस थांबायची इथे कुणी वाट पाहत नाही. लालबागला डॉ. आंबेडकर रोडच्या कडेला टेम्पो लागतो. त्यात आधी जनरेटर चढतो, मग स्पीकरचे खोके दोरखंडाने करकचून बांधले जातात, मिक्सरवर ताडपत्री ओढली जाते आणि अगदी शेवटी विशीतला एक मुलगा छत्रीखालून लांबट पेटी घेऊन येतो. पेटीला जाड प्लॅस्टिक गुंडाळलेलं असतं. ते तो सगळं काढत नाही. हात आत जातील एवढी फट ठेवतो, नखी चिमटीत धरतो आणि एकच सूर छेडून बघतो. स्पीकरमधून तो सूर इतका तिखट बाहेर पडतो की उड्डाणपुलाखाली पावसाच्या आडोशाला उभे असलेले लोक मान वळवून बघतात. हा बेंजो.

गणेश चतुर्थीच्या आधीचा रविवार होता. परळ-लालबागच्या कार्यशाळांतून मोठ्या मूर्ती आपापल्या मंडपाकडे निघतात तो हा दिवस. मुंबईत या आगमनाला आता विसर्जनासारखी गर्दी लोटते. मी एका बेंजो पार्टीबरोबर दुपारपासून चालत होते. पहिल्या अर्ध्या तासात काय काय वाजलं ते वहीत उतरवून घेतलं. आरंभ प्रल्हाद शिंदे यांच्या गणपतीच्या गाण्याने. त्याला लागून वेसाव्याचं एक कोळीगीत. मग अजय-अतुल यांचं ‘जत्रा’मधलं गाणं. त्यावर लहान मुलांनी गलका केला म्हणून ‘नागिन’ची पुंगी. मग ‘पुष्पा’ या तेलुगू चित्रपटातलं देवी श्री प्रसाद यांचं गाणं, त्यातून वळण घेऊन सुलोचना चव्हाणांची एक लावणी. लावणी संपता संपता एक भीमगीत आलं, आणि त्याच ठेक्यावर परत गणपती.

या क्रमात एक हिशोब आहे. तो समजून घ्यायला मी गेले होते.

‘कानांवर पडणारं’ हा यंदाच्या अंकाचा विषय. आपल्या भागात लोक समोरासमोर जे वाजवतात, गातात ते ऐका, त्यावर लिहा आणि वाचकांसाठी गाण्यांची यादीही द्या, असं संपादकांनी सांगितलं होतं. यादी मी घरी बसून केली असती तर ती माझ्या आवडीनिवडीची झाली असती. गिरणगावातल्या रस्त्यावर जी यादी चालता चालता तयार होते ती अनेकांची असते. माझ्या मते मुंबईने संगीतात केलेलं हे मोठं काम आहे, आणि त्याची नोंद फार थोड्यांनी घेतली आहे.

नागोयाहून लालबागला

१९१२ साली जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी एक वाद्य तयार केलं. लाकडी पेटीवर तारा ताणायच्या आणि त्यांच्यावर टाइपरायटरसारखी गोल बटणं बसवायची, अशी त्याची रचना. बटण दाबलं की धातूची पट्टी तारेवर टेकते आणि तारेची लांबी तेवढ्यापुरती बदलते. डावा हात बटणांवर, उजव्या हातात नखी. सूर कुठे आहे ते शोधावं लागत नाही, तो बटणाखाली बसवलेलाच असतो. त्यामुळे गुरूकडे बसून वर्षानुवर्षं हात तयार करायची ज्यांना सोय नाही, अशा माणसालाही आठवड्याभरात एखादी ओळखीची चाल काढता येते. ताइशोगोतो हे त्याचं जपानी नाव. व्यापाराच्या वाटांनी ते पसरलं. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या तारब संगीतात ते गेलं. बलुचिस्तानात त्याचं बेंजू झालं आणि बिलावल बेल्जियम यांच्यासारख्या वादकाने त्यावर मैफली रंगवल्या. आपल्याकडे त्याला बुलबुल तरंग म्हणू लागले. कित्येक मध्यमवर्गीय घरांत ते मुलांना वाढदिवसाला भेट मिळायचं आणि वर्षभरात माळ्यावर जायचं.

चाळीतल्या मुलांनी ते माळ्यावरून खाली आणलं, त्याला पिकअप बसवला, वायर काढली आणि स्पीकरला जोडली. घरातल्या चार जणांना ऐकू जाणारं नाजूक वाद्य रस्ता भरून टाकू लागलं. मूळ पाश्चात्त्य बँजोशी त्याचा काही संबंध नाही. तो गोल, कातडं ताणलेला असतो. पण मुंबईत बेंजो म्हटलं की हीच पेटी. २०१६ साली रवी जाधव यांनी रितेश देशमुखला घेऊन ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट काढला, तेव्हा मुंबईबाहेरच्या अनेकांना ही दुनिया पहिल्यांदा दिसली.

वाद्याला त्याच्या मर्यादा आहेत, आणि वादकाची करामत त्या मर्यादांतूनच घडते. बटणाचा सूर ठरलेला, म्हणून एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड त्यावर सहज निघत नाही. तार छेडली की तिचा आवाज लगेच विरतो. गायिका जिथे श्वासावर सूर लांबवते तिथे बेंजोवाल्याला नखी भराभर मागेपुढे चालवत राहावी लागते. त्यातून तो थरथरता, सतत धडधडणारा आवाज येतो. माझ्याबरोबरच्या मुलाने सरावाच्या वेळी मला लता मंगेशकरांच्या गाण्यातला एक भाग दोनदा वाजवून दाखवला. आधी नुसते सूर, मग प्रत्येक मोठ्या सुराआधी शेजारचं बटण ओझरतं टेकवून. दुसऱ्या वेळी लताबाईंची जागा लख्ख दिसली. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मोबाईलवर एकच ओळ परत परत ऐकून त्याने ते शोधून काढलं होतं. अशा मुलाला संगीताचं शिक्षण नाही असं म्हणताना आपण दहा वेळा विचार करायला हवा.

‘नागिन’च्या पुंगीची गोष्ट तर मला विलक्षण आवडते. १९५४ सालच्या त्या चित्रपटाला हेमंत कुमार यांचं संगीत होतं. पडद्यावर पुंगी दिसते, पण आवाज पुंगीचा नाही. कल्याणजींनी तो क्लॅव्हिओलीनवर वाजवला आणि त्यांच्या सोबत रवी यांची हार्मोनियम होती. क्लॅव्हिओलीन हे विजेवर चालणारं वाद्य फ्रान्समध्ये १९४७ साली कॉन्स्टंट मार्टिन यांनी बनवलं. म्हणजे गारुड्याचा सूर आधी फ्रेंच वाद्यावर आला, तिथून जपानी वाद्यावर, आणि त्यावर रस्त्यात रुमाल तोंडात धरून डोलणारा मुलगा रत्नागिरीकडचा. सत्तर वर्षं ही चाल गल्लीने जिवंत ठेवली आहे.

एका पट्टीत

बेंजो पार्टी म्हणजे एकटा बेंजो नव्हे. त्याच्या जोडीला कीबोर्ड असतो, ऑक्टोपॅड असतो. टेम्पोच्या पुढे ढोल, ताशा, ढोलकी, तुंबा, झांज, कधी संबळ घेऊन मुलं चालतात. त्यांची संख्या सुपारीच्या, म्हणजे ठरलेल्या कामाच्या, आकाराप्रमाणे कमीजास्त होते. मिक्सरवर बसणारा माणूस बहुतेक वेळा वयाने मोठा असतो आणि त्याची नजर सतत बेंजोवाल्याच्या डाव्या हातावर असते. बेंजोवाला मान हलवतो, ताशावाला ती बघतो, ढोलवाले ताशावाल्याकडे बघतात. एवढ्या गोंगाटात बोलून काही कळवणं शक्य नसतं. सगळा कारभार डोळ्यांनी चालतो.

गाणी एकमेकांत कशी मिसळतात, हा माझा पहिला प्रश्न होता. उत्तर दोन भागांत मिळालं. पहिला भाग पट्टीचा. गाणं मूळ कुठल्याही पट्टीतलं असो, बेंजोवाला ते आपल्या नेहमीच्या पट्टीत आणून बसवतो. प्रल्हाद शिंदे आणि आशा भोसले एकाच षड्जावर आले की एका गाण्याच्या शेवटच्या सुरावरून दुसऱ्याच्या पहिल्या सुरावर थेट उडी मारता येते. दुसरा भाग ठेक्याचा. कोळीगीतं सहा मात्रांच्या झोक्यात चालतात. त्या झोक्यात गोंधळाची काही गाणी बसतात, गुजराती गरबा बसतो, जुनी काही हिंदी गाणीही बसतात. केरव्याची गाणी वेगळी, त्यांची रांग वेगळी. एका रांगेतली गाणी कितीही लांब गावची असली तरी शेजारी येतात. पण सहाच्या झोक्यातून चारच्या चालीत जायचं तर पूल लागतो. तो पूल ताशा बांधतो. एक कट, एक तिहाई, क्षणभर सगळं थांबतं, नाचणाऱ्यांचे पाय हवेत असतात आणि समेवर नवं गाणं उतरतं. मिरवणुकीतला सगळ्यात मोठा जल्लोष या क्षणी होतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं.

वेगावरही लक्ष ठेवावं लागतं. मूर्तीची ट्रॉली पुढे सरकत असेल तर चालती गाणी, चौकात थांबली तर नाचाची, चढ आला किंवा विजेची वायर आडवी आली तर वेळ काढायला सावकाश चालणारं भजन. गणपती पुलाखालून जात असताना मंडळाचे कार्यकर्ते बांबूंनी वायरी वर उचलत होते. तेवढा वेळ बेंजोवर अभंगाची चाल चालू होती आणि गर्दी विनासायास शांत राहिली. गर्दीला आवरायला शिट्टीपेक्षा गाणं जास्त उपयोगी पडतं, हे त्या मुलांना पक्कं ठाऊक आहे.

ज्याची त्याची ओळ

बेंजोला शब्द नाहीत, आणि तो वाजतो तेव्हा शब्द भोवतालचे लोक घालतात. दुपारी एका नाक्यावर एक जुनी चाल सुरू झाली. माझ्या शेजारचे आजोबा त्यावर विठ्ठलाचं भजन म्हणू लागले. त्यांच्या पुढचा तरुण त्याच चालीवर हिंदी चित्रपटगीत गात होता, आणि पलीकडे बायकांचा एक घोळका हळदीतलं गाणं म्हणत होता. तिघांचे शब्द वेगळे, पण कुणीच कुणाला थांबवलं नाही, कारण सूर सगळ्यांचा बरोबर होता.

आपल्या लोकसंगीतात चालींची ही ये-जा पूर्वीपासून आहे. कोकणातल्या डबलबारी भजनांत दोन बुवा समोरासमोर बसतात आणि गाजलेल्या गाण्यांच्या चालींवर भजनं रचून एकमेकांना उत्तरं देतात. वामनदादा कर्डकांच्या मागे आलेल्या अनेक गायकांनी बाबासाहेबांवरची गाणी लोकप्रिय चालींवर बांधून वस्तीवस्तीत पोहोचवली. शिंदे घराण्यातले प्रल्हाद शिंदे देवाची गाणी गायले, कव्वाली गायले, भीमगीतंही गायले, आणि पुढे आनंद शिंदे, मिलिंद शिंदे यांनी तो पसारा वाढवला. एकच गळा सगळ्या उत्सवांत ऐकू येतो, हे इथल्या लोकांना नवीन नाही. बेंजो पार्टीचं वर्षही असंच चालतं. १४ एप्रिलला आंबेडकर जयंती, त्याआधी शिवजयंती आणि पाडव्याची शोभायात्रा, मग लग्नसराईतल्या हळदी, पावसात दहीहंडी, मग गणपती आणि नवरात्र. पोरं तीच, टेम्पो तोच.

सरमिसळीचं मूळ गिरणगावाच्या वस्तीत आहे. गिरण्यांत कोकणातून माणसं आली, साताऱ्या-सांगलीच्या घाटावरून आली, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, उत्तरेतूनही आली. खोली दहा बाय दहाची आणि गॅलरी सामाईक. एकाच्या घरचा रेडिओ सगळा मजला ऐकायचा. मुंबई आकाशवाणीवरची ‘कामगार सभा’ आणि ‘आपली आवड’ माझ्या आधीच्या पिढीने अशीच, शेजाऱ्याच्या रेडिओवर ऐकली. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं, तेही या वस्तीच्या कानांना ओळखीच्या गाण्यांतूनच बोलत होते. अशा ठिकाणी सणाला वाजंत्री बोलावली की प्रत्येक घराचं एक तरी गाणं वाजलंच पाहिजे. नाही वाजलं तर ते घर वर्षभर लक्षात ठेवतं. वर्गणी सगळ्यांनी दिलेली असते.

म्हणून मला वाटतं की इतक्या तऱ्हांची गाणी एका माळेत आली ती शेजारधर्मातून. पद्मशाली कुटुंबासाठी तेलुगू गाणं, कोळीवाड्यातून आलेल्या सुनेसाठी कोळीगीत, तिसऱ्या मजल्यावरून खाली न उतरू शकणाऱ्या आजींसाठी लावणी. त्या आजींचं गाणं वाजताना टेम्पो त्यांच्या गॅलरीखाली मुद्दाम थांबवला गेला. कार्यकर्त्याने वर बघून हात जोडले, बेंजोवाल्याने पेटी उचलून वरच्या दिशेने केली. गॅलरीच्या कठड्यावर दोन्ही हातांनी ठेका धरलेला मला खालून दिसत होता.

एक खंत मात्र लिहायलाच हवी. नाचणाऱ्यांत, गाणाऱ्यांत, फर्माईश करणाऱ्यांत बायका असतात, वाजवणाऱ्यांत क्वचितच. पुण्याच्या ढोल-ताशा पथकांत मुली मोठ्या संख्येने आल्या, त्यांनी कंबर दुखेस्तोवर ढोल बांधले. बेंजो पार्टीत रात्री उशिरा परतणं आणि टेम्पोत बसून परगावी जाणं, ही कारणं मुलं सांगतात. ही कारणं सोडवता येण्यासारखी आहेत. ढोलकी मागणाऱ्या दोन मुली मला या पार्टीच्याच गल्लीत भेटल्या.

सुपारी

काम ठरलं की त्याला सुपारी म्हणतात. तमाशापासून ऑर्केस्ट्रापर्यंत सगळ्यांचा हाच शब्द. मंडळाचा माणूस येतो, तारीख सांगतो, इसार देतो, बाकीचे पैसे मिरवणूक संपल्यावर. पैशांतून आधी टेम्पोचं भाडं, जनरेटरचं डिझेल, जेवण आणि दुरुस्ती निघते, उरलेलं वाटलं जातं. बेंजो आणि कीबोर्डचा वाटा थोडा जास्त. एवढ्यावर घर चालत नाही. आठवडाभर हीच मुलं पार्सलं पोहोचवतात, रुग्णालयात वॉर्डबॉय असतात, छापखान्यात, कुरिअरच्या गोदामात काम करतात. यांच्यातल्या कित्येकांचे आजोबा गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद होत गेली आणि घरात महिन्याचा ठरलेला पगार यायचा थांबला. नातवंडांची नोकरी आजही हंगामीच आहे, आणि बेंजोही हंगामी. पण त्या मुलांशी बोलताना जाणवतं की या दोन हंगामांत त्यांना आपलं नाव कुठल्यामुळे आहे हे पक्कं माहीत आहे. वरळी बीट्स, जोगेश्वरी बीट्स अशी पार्ट्यांची नावं बघा. आधी वस्ती, मग ताल.

आवाजाचा प्रश्न टाळून या संगीतावर लिहिणं अप्रामाणिक ठरेल. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. सणांसाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. बेंजोचा टेम्पो तिच्या कितीतरी वर जातो. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने विसर्जनातल्या डीजे आणि डॉल्बीवरची बंदी उठवायला नकार दिला. त्यानंतर वाजवणाऱ्या माणसांना मागणी वाढली असं पार्टीवाले सांगतात. पण डीजेशी स्पर्धा करायला स्पीकर वाढवले, तर हातात काय उरलं? परळमध्ये केईएम, वाडिया, टाटा अशी रुग्णालयं जवळजवळ आहेत आणि रुग्णालयाभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. आमची मिरवणूक त्या बाजूच्या वळणाला पोहोचली तेव्हा जनरेटर बंद केला गेला, झांजा खिशात गेल्या आणि ट्रॉली नुसत्या पावलांनी पुढे सरकली. एरवी असं होतंच असं नाही. ते झालं पाहिजे, दर वेळी, आणि ते करायला लावणारा माणूस मंडळातलाच असला पाहिजे.

वाजवणाऱ्यांच्या कानांचं काय, हे मी विचारलं तेव्हा मिक्सरवरच्या काकांनी खिशातून कापसाचे बोळे काढून दाखवले. पोरं ते घालत नाहीत. काकांना डाव्या कानाने आता कमी ऐकू येतं. कानांत घालायची चांगली बुचं बाजारात मिळतात. मंडळांनी सुपारीबरोबर तीही द्यावीत.

कॅसेट भरून घ्यायची

गाण्यांची यादी करून ती दुसऱ्याला देणं आपल्याकडे मोबाईलच्या कितीतरी आधी सुरू झालं. ऐंशी-नव्वदच्या दशकात नाक्यावरच्या दुकानात कोरी कॅसेट घेऊन जायचं, वहीच्या पानावर गाणी लिहून द्यायची आणि दोन दिवसांनी भरलेली कॅसेट आणायची. साठ मिनिटांची असेल तर एका बाजूला अर्धा तास. म्हणजे सहा गाणी, फार तर सात. तेवढ्यात काय घ्यायचं आणि काय सोडायचं, यावर घरात चर्चा व्हायच्या. वडिलांचं नाट्यगीत, आईचं भावगीत, भावाचं किशोर कुमार, आणि उरलेल्या दोन मिनिटांत कुठलं छोटं गाणं बसेल याचा शोध. अशी कॅसेट गावी जायची, सासरी जायची, गल्फला नोकरीला निघालेल्या माणसाच्या बॅगेत जायची.

पार्टीकडे आजही वही आहे. पाठीमागच्या पानावर हंगामाची गाणी, समोर ठेका आणि कुठल्या गाण्यातून कुठे जायचं त्याच्या बाणांच्या खुणा. दर वर्षी काही गाणी गळतात. ‘सैराट’ २०१६ चा, पण त्यातलं नाचाचं गाणं अजून टिकून आहे. त्यानंतर आलेली कित्येक एका हंगामात संपली. कुठलं टिकणार ते चालीवर ठरतं, असं बेंजोवाल्याचं म्हणणं. शब्दांशिवाय नुसती चाल वाजवल्यावर लोकांना ती ओळखू आली पाहिजे. संगीताची इतकी कडक परीक्षा मला दुसरी माहीत नाही.

मिरवणुकीनंतरच्या दोन दिवसांत ही यादी व्हॉट्सॲपवर फिरते. चाळी पाडून टॉवर झाले, कित्येक कुटुंबं विरार, डोंबिवली, बदलापूरला गेली. ती माणसं आगमनाला आणि विसर्जनाला लोकलने परत येतात. ज्यांना यायला जमत नाही त्यांच्यासाठी कुणीतरी त्या दिवशी वाजलेल्या गाण्यांच्या मूळ ध्वनिमुद्रणांची माळ लावून पाठवतं. बेंजोचा व्हिडिओ वेगळा आणि मूळ गाण्यांची यादी वेगळी. ती यादी मीही मागून घेतली, आणि वाटेत भेटलेल्या माणसांना एकेक गाणं विचारून तिच्यात भर घातली. वाचकांसाठी तीच देते.

सुरुवात ‘अलबेला’तल्या गाण्याने करा. १९५१ चा चित्रपट, सी. रामचंद्र यांचं संगीत, आणि त्यात गोव्याचे चिक चॉकलेट यांची ट्रम्पेट. त्यातले भगवानदादा गिरणी कामगाराच्या घरातले. गणपतीत आजही अनेकांचे पाय त्यांच्याच चालीने पडतात. हे गाणं मिक्सरवरच्या काकांचं. त्याला जोडून ‘हा खेळ सावल्यांचा’मधलं आशा भोसले आणि हेमंत कुमार यांचं कोळी ढंगाचं द्वंद्वगीत लावा, हे परिचारिका असलेल्या एका ताईंनी सुचवलं. मग विठ्ठल उमपांच्या ‘जांभूळ आख्याना’तला कुठलाही भाग, पण तो मध्येच तोडू नका. एका कॉलेजच्या मुलाने कुमार गंधर्वांचं निर्गुणी भजन सांगितलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं. त्याने ते लोकलमध्ये हेडफोनवर ऐकलं होतं आणि त्या दिवशी सरावाला तो उशिरा पोहोचला, कारण उतरायचं स्टेशन निघून गेलं. फुलवाल्या मावशींचं गाणं सुलोचना चव्हाणांचं. लावणीचा एवढा ठसका असलेला हा आवाज गिरगावात वाढला, हे त्यांना माहीत होतं आणि त्याचा अभिमानही होता. ‘कट्यार काळजात घुसली’मधलं वसंतराव देशपांड्यांचं एखादं पद, जितेंद्र अभिषेकींच्या संगीतातलं, हे माझं. धोबीतलावच्या बाजूने आलेल्या एका गोवेकर कीबोर्डवाल्याचं लॉर्ना आणि क्रिस पेरी यांचं कोंकणी गाणं. शेवटी देवी श्री प्रसाद, कारण नाचायला आलेल्या बारा वर्षांच्या मुलीने दुसरं काही लिहूच दिलं नाही.

ही माळ एका बैठकीत, क्रम न बदलता ऐका. कुमारांनंतर लावणी येते तेव्हा पहिल्यांदा अडखळायला होतं. दुसऱ्या वेळी होत नाही.

सरावाची खोली

आषाढ सरला की सराव सुरू होतो. त्यासाठी जागा लागते, आणि आज पार्टीपुढचा सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे. पूर्वी चाळीचं मैदान होतं, मंडळाची खोली होती, बंद गिरणीचं आवार होतं. मी बघितला तो सराव एका चाळीच्या तळमजल्यावरच्या खोलीत, खिडक्यांना गोधड्या टांगून चालला होता. ढोलांच्या तोंडांवर टॉवेल, बेंजो हेडफोनवर. दर अर्ध्या तासाने एक मुलगा बाहेर जाऊन आवाज कुठवर जातो ते बघून यायचा. ही चाळ आता पुनर्विकासाला जाणार आहे. परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ पासून उभं होतं. शक्ती-तुऱ्याचे कितीतरी सामने गिरणगावाने तिथे पाहिले. तेही २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं. जागा गेली की पहिल्यांदा सराव थांबतो, आणि त्याची बातमी होत नाही.

सरावाच्या त्या चाळीच्या जागी येणाऱ्या नव्या इमारतीच्या आराखड्यात व्यायामशाळा आहे, वाहनतळाचे मजले आहेत, सोसायटीचं कार्यालय आहे. पार्टीतल्या मुलांनी रहिवाशांच्या समितीकडे एका खोलीचं पत्र दिलं आहे. फार मोठी नको, पंधरा माणसं उभी राहतील एवढी. भिंतींना आवाज शोषणारं अस्तर, एक जाड दार, ढोल ठेवायला मांडणी, पेटीसाठी कोरडं कपाट. संध्याकाळी सात ते साडेनऊ, आठवड्यातून तीन दिवस. उरलेल्या दिवशी तिथे बायकांचं भजन, मुलांचा अभ्यास, कुणाचंही काही. भाडं ते सुपारीतून भरायला तयार आहेत. बैठकीत त्यावर मत घ्यायचं ठरलं आहे. तारीख अजून लागलेली नाही. त्या इमारतीत आणि आसपासच्या अशा प्रत्येक इमारतीत ज्यांना मत आहे त्यांनी या खोलीसाठी हात वर करावा, एवढी माझी विनंती आहे. पत्राची एक प्रत मिक्सरवरच्या काकांनी माझ्याकडे दिली. त्यात सगळ्यांच्या सह्या आहेत, आणि ढोलकी मागणाऱ्या त्या दोन मुलींच्याही.